क्लास रँकला किती भाव द्यायचा? टेक्सासमध्ये नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

फ्रिस्को, केटी, राउंड रॉक, कुठेही जा. मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघत थांबलेल्या पालकांमध्ये क्लास रँकचा, म्हणजे शाळेतल्या आपल्या बॅचमधल्या क्रमांकाचा, विषय निघतोच. कोणी सांगतं, "इथे रँकच सगळं आहे हो, आठवीपासून लक्ष द्या." दुसरं कोणी म्हणतं, "रँक कोण बघतं आता? निबंध आणि अ‍ॅक्टिव्हिटीज बघतात." नव्याने आलेला माणूस दोघांचं ऐकून घरी जातो आणि झोप घालवून बसतो.

दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या कॉलेजांबद्दल. आमच्या घरातलं एक मूल नुकतंच या सगळ्यातून गेलं. त्यामुळे काय कधी बघायचं आणि कशाकडे सरळ दुर्लक्ष करायचं, ते क्रमाने लिहीत आहे. लेख मुख्यतः टेक्सासच्या सरकारी हायस्कूलमधल्या मुलांसाठी आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर पायरी २ आणि ३ तुमच्याही कामाच्या आहेत.

१. आधी बोर्ड आणि सीईटी डोक्यातून काढा

आपल्याकडे दहावी-बारावीचे टक्के किंवा सीईटीचं पर्सेंटाइल अख्ख्या राज्याच्या तुलनेत असतं. लातूरचा मुलगा आणि ठाण्याची मुलगी एकाच यादीत येतात. शाळेत कितवा नंबर होता, हे अकरावीच्या प्रवेशाला कोणी विचारत नाही.

इथली रँक नेमकी उलटी आहे. ती फक्त तुमच्या मुलाच्या शाळेतल्या, त्याच वर्षी ग्रॅज्युएट होणाऱ्या मुलांमध्ये लागते. बॅचमध्ये ८०० मुलं असतील आणि जीपीएनुसार (ग्रेडच्या सरासरीनुसार) तुमची मुलगी ४१वी असेल, तर ती पहिल्या ५ टक्क्यांत नाही, कारण ५ टक्के म्हणजे ४०. मग तिला सगळीकडे 'ए' असोत आणि एसएटी या प्रवेश परीक्षेत १५५० असोत. शेजारच्या गावातल्या शाळेत तेवढ्याच मार्कांवर ती पाचवी आली असती, पण तो हिशोब कोणी मांडत नाही.

ही गोष्ट पचायला वेळ लागतो. 'चांगली शाळा' बघून महागडं घर घेतलेल्या आपल्या लोकांना तर जास्तच.

२. कॉलेजांची यादी तीन ढिगांत वाटा

रँकची चिंता किती करायची, हे यादीत कोणती कॉलेजं आहेत यावर ठरतं. नववीत यादी पक्की नसते, तरी अंदाज असतो. तेवढा पुरतो.

*पहिला ढीग: जिथे रँक कायद्याने दार उघडते.* टेक्सासची सरकारी विद्यापीठं यात येतात. १९९६ मध्ये हॉपवूड खटल्यात फेडरल अपील कोर्टाने प्रवेशात वंश विचारात घ्यायला मनाई केली. त्यावर तोडगा म्हणून १९९७ मध्ये राज्याने कायदा केला. आमदार अर्मा रँगेल यांनी तो पुढे नेला आणि तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश (धाकटे) यांनी सही केली. टेक्सासच्या प्रत्येक हायस्कूलमधल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, असा तो नियम. सीमेवरच्या गावातून, पश्चिमेकडच्या छोट्या शाळेतून, ह्यूस्टनच्या गरीब वस्तीतून, सगळीकडून मुलं यावीत हा हेतू होता. रँक शाळेपुरतीच का धरतात, हे यावरून लक्षात येईल.

ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये (सगळे नुसतं 'यूटी' म्हणतात) या नियमाने एवढी मुलं यायला लागली की बाकीच्यांसाठी जागाच उरेनात. म्हणून २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यातल्या मुलांसाठीच्या पहिल्या वर्षाच्या ७५ टक्के जागाच यूटीला 'ऑटो'ने, म्हणजे रँकवर मिळणाऱ्या थेट प्रवेशाने, भराव्या लागतात. तेवढ्या जागा भरतील असा आकडा यूटी दरवर्षी जाहीर करते. बरीच वर्षं तो ६ टक्के होता. २०२६ च्या फॉल सेमिस्टरपासून ५ टक्के झाला. पुढे आणखी खाली येऊ शकतो, त्यामुळे तुमच्या मुलाच्या वर्षाचा आकडा यूटीच्या संकेतस्थळावरच बघा. ओळखीच्यांनी सांगितलेला बहुतेक वेळा त्यांच्या मुलाच्या वर्षाचा असतो.

टेक्सास ए अँड एम आणि बाकी सरकारी विद्यापीठांना मूळचा १० टक्क्यांचा नियमच लागू आहे.

*दुसरा ढीग: जिथे रँक अनेक गोष्टींपैकी एक आहे.* राइससारखी खासगी विद्यापीठं आणि दुसऱ्या राज्यांतली बरीच सरकारी विद्यापीठं यात येतात. इथे नववीपासूनचे ग्रेड, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, निबंध आणि शिफारसपत्रं या सगळ्यांचा एकत्र विचार होतो. देशभरातल्या कॉलेज प्रवेश सल्लागारांची 'नॅकॅक' ही संघटना याचा आढावा घेते. रँकला 'भरपूर महत्त्व' देतो, असं २०१८ च्या प्रवेशांबद्दल सांगणारी कॉलेजं सुमारे ९ टक्केच होती. ग्रेडना तसं महत्त्व देणारी मात्र जवळजवळ तीन चतुर्थांश. यामागे सरळ कारण आहे. अनेक शाळांनी रँक काढणंच बंद केलं. अर्ध्या अर्जांवर जी गोष्ट नसतेच, तिच्यावर कॉलेज विसंबून राहणार कसं?

*तिसरा ढीग: जिथे रँक बघतच नाहीत.* युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे. पण इथे एक मेख आहे. कॅलिफोर्नियातल्या मुलांसाठी त्यांची एक योजना आहे. शाळेतल्या पहिल्या ९ टक्क्यांत बसणाऱ्या मुलाला यूसीच्या कुठल्यातरी कॅम्पसमध्ये, जिथे जागा असेल तिथे, प्रवेशाची हमी मिळते. हा हिशोब विद्यापीठ स्वतःच्या पद्धतीने करते, शाळेची रँक वापरत नाही. 'कुठल्यातरी' हा शब्द जपून वाचा. ही हमी बर्कलीची नाही. फ्लोरिडातही सरकारी शाळांतल्या पहिल्या २० टक्क्यांसाठी अशीच हमी आहे आणि तिथेही विशिष्ट विद्यापीठाचं वचन नाही.

म्हणजे यूटी यादीत वरच्या जागी असेल तर रँक मनावर घ्या. फक्त खासगी आणि बाहेरच्या राज्यांतली कॉलेजं असतील, तर मुलाला रँकवरून रोज टोकू नका. तिथे त्या टोकण्याचा काही उपयोग नाही.

३. कॉलेज स्वतः काय म्हणतं ते वाचा

बहुतेक विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं एक ठरावीक साच्याचं कागदपत्र प्रसिद्ध करतात. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द गूगलमध्ये टाका, पीडीएफ सापडते. त्यातल्या फक्त दोन जागा बघा.

'सी ७' या तक्त्यात प्रवेशाच्या प्रत्येक निकषापुढे खूण असते: अतिमहत्त्वाचा, महत्त्वाचा, विचारात घेतला जातो, विचारात घेतला जात नाही. त्यात क्लास रँकची ओळ शोधा.

'सी १०' मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती टक्के आपापल्या शाळेत पहिल्या १० टक्क्यांत होती, ते असतं. हा आकडा ९०-९५ दिसला की पालकांच्या पोटात गोळा येतो. पण त्याच्याच खाली, मुळात किती जणांनी रँक कळवली तेही दिलेलं असतं. खासगी विद्यापीठांत हा आकडा बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी निघतो. आणि ज्यांची रँक उत्तम असते, तेच ती हौसेने कळवतात. तेव्हा वरचा आकडा या खालच्या आकड्यासोबतच वाचा.

या दोन तक्त्यांना दहा मिनिटं लागतात. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्यांकडे जाण्याआधी तेवढं कराच.

४. तुमच्या डिस्ट्रिक्टचा जीपीएचा नियम मुळातून वाचा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवे पालक नेमकी हीच सोडतात. रँक कशी काढायची हे राज्य ठरवत नाही, तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) ठरवतो. एका फ्रीवेच्या अलीकडे-पलीकडे नियम वेगळे असू शकतात. डॅलसच्या उत्तरेकडच्या मैत्रिणीचा सल्ला शुगर लँडमध्ये चालेलच असं नाही.

जीपीए दोन प्रकारचा असतो. साध्यात प्रत्येक 'ए'ला ४ गुण, विषय कोणताही असो. वजनदार, म्हणजे 'वेटेड' जीपीएत अवघड विषयाला जास्त गुण. कुठे एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयाला ५ आणि साध्याला ४, कुठे सहाची पट्टी, कुठे शंभराची. रँक बहुतेक ठिकाणी वेटेडवर लागते.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. समजा दोन मुलींना सगळ्या विषयांत 'ए' आहे. पहिलीकडे पाच एपी आणि दोन साधे विषय, त्यातला एक ऑर्केस्ट्रा. तिचे गुण २५ अधिक ८, भागिले ७, म्हणजे ४.७१. दुसरीने ऑर्केस्ट्रा सोडला आणि तो तास मोकळा ठेवला. तिचे २५ अधिक ४, भागिले ६, म्हणजे ४.८३. कमी शिकलेली मुलगी रँकमध्ये वर! पहिल्या ५ टक्क्यांच्या सीमेवर जीपीएचा फरक दशांशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरात असतो, त्यामुळे असा एक विषय आठ-दहा नंबर खाली-वर करू शकतो.

हे टाळायला काही डिस्ट्रिक्ट कला, खेळ, बँड असे विषय रँकच्या हिशोबातून वगळतात किंवा फक्त ठरावीक मुख्य विषय धरतात. तुमचा काय करतो, ते माहीत हवं. पुढील प्रश्नांची उत्तरं काउन्सेलरकडून ईमेलवर लेखी घ्या:

- रँकच्या जीपीएत कोणते विषय धरतात, कोणते नाही?
- मिडल स्कूलमध्ये हायस्कूल क्रेडिटसाठी घेतलेले विषय (उदाहरणार्थ आठवीतला अल्जिब्रा १) धरतात का?
- एपी, ऑनर्स आणि कम्युनिटी कॉलेजमार्फत होणारे ड्युअल क्रेडिट विषय, यांचं वजन किती?
- उन्हाळ्यात किंवा ऑनलाइन घेतलेला विषय धरतात का?
- एखादा विषय 'पास-फेल' करून जीपीएबाहेर ठेवता येतो का?
- रँक पहिल्यांदा कधी जाहीर होते आणि वर्षातून किती वेळा बदलते?

मिडल स्कूलच्या विषयांचा प्रश्न विशेष जपा. "अजून लहान आहे, जाऊ दे" म्हणत आठवीच्या अल्जिब्रात मिळालेला 'बी' काही डिस्ट्रिक्टमध्ये बारावीपर्यंत पाठलाग करतो.

आता माझं मत. मुलाला व्हायोलिन मनापासून आवडत असेल तर दोन दशांशांसाठी ते सोडायला लावू नका. यूटीचा ऑटो प्रवेश अगदी हाताशी असेल आणि मूलच म्हणत असेल, तर वेगळं. पण नववीतच सगळं आयुष्य दशांशांवर बेतलेली मुलं मी पाहिली आहेत. अकरावीपर्यंत ती पार थकून जातात आणि ज्या गोष्टीसाठी एवढं केलं, तिथेच ग्रेड घसरतात.

दुसरा मोह असतो शाळा बदलण्याचा: 'सोप्या' शाळेत जाऊ, रँक वर येईल. उशिरा आलेल्या मुलांबाबत काही डिस्ट्रिक्टचे वेगळे नियम असतात, विशेषतः पहिल्या क्रमांकासाठी किमान काही काळ त्या शाळेत असावं लागतं. शिवाय नव्या शाळेत एपी विषय कमी असतील तर जीपीएचं गणित पुन्हा बिघडतं. घर विकण्याइतकं हे कारण मोठं नाही.

५. भारतातून मधेच आलेल्या मुलांचे मार्क

नववी किंवा दहावी भारतात करून आलेल्या मुलांचा प्रश्न नाजूक असतो. शाळा जुन्या मार्कशीटवरून क्रेडिट देते, पण ती क्रेडिटं जीपीएत धरायची की नुसती 'उत्तीर्ण' म्हणून नोंदवायची, हे पुन्हा डिस्ट्रिक्टवर आहे. टक्क्यांचं ग्रेडमध्ये रूपांतरही तेच ठरवतात. आपल्याकडे ८२ टक्के म्हणजे चांगले मार्क, इथल्या साध्या पट्टीवर मात्र ८२ म्हणजे 'बी'.

म्हणून दाखल्याच्या वेळीच सांगा की महाराष्ट्र बोर्डात, सीबीएसईत किंवा आयसीएसईत गुण कसे देतात. मार्कशीटच्या मागे किंवा बोर्डाच्या संकेतस्थळावर श्रेणी दिलेली असेल तर ती जोडा. निर्णय अन्यायकारक वाटला तर पहिल्याच सेमिस्टरमध्ये लेखी अर्ज करा. अकरावीच्या शेवटी कोणी फाइल उघडत नाही.

दहावीनंतर आलेल्या मुलाला बहुधा थेट अकरावीत, म्हणजे 'ज्युनियर' वर्षात घेतात. त्याच्याकडे रँक घडवायला जेमतेम एक वर्ष असतं. अशा मुलासाठी यूटीच्या ऑटोची आशा धरून बसण्यापेक्षा अर्जाच्या बाकीच्या बाजू भक्कम करणं जास्त शहाणपणाचं.

६. रँकबरोबर लागणाऱ्या बाकीच्या अटी

नुसती रँक पुरत नाही. ऑटो प्रवेशासाठी मुलाचा ग्रॅज्युएशन प्लॅन 'डिस्टिंग्विश्ड' पातळीचा लागतो. त्यात अल्जिब्रा २ धरून गणिताची चार क्रेडिटं, विज्ञानाची चार आणि एक 'एन्डॉर्समेंट' (निवडलेल्या क्षेत्रातल्या विषयांचा गट) असतं. एपी घेणाऱ्या मुलांचं हे सहसा आपोआप होतं, पण भारतातून आलेल्या मुलांच्या क्रेडिटांत एखादी फट राहून जाते. दहावीतच काउन्सेलरकडून तपासून घ्या.

एसएटी किंवा एसीटी यूटीला पुन्हा सक्तीची आहे, २०२५ च्या फॉल प्रवेशांपासून. ऑटोवाल्यांनाही गुण पाठवावे लागतात. आणि अर्ज वेळेत करावाच लागतो. रँक आहे म्हणून घरी पत्र येत नाही.

७. अर्जाच्या वेळी

अर्ज बारावीच्या सुरुवातीला, ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातात. त्या वेळी हातात असते ती अकरावी संपतानाची रँक. म्हणजे रँकपुरता खेळ बारावीच्या आधीच संपलेला असतो.

हे जवळ ठेवा:

- रँक आणि बॅचची एकूण संख्या दाखवणारा ताजा ट्रान्सक्रिप्ट
- शाळेचं 'स्कूल प्रोफाइल' (रँक नसेल तर ग्रेडचं वितरण बहुधा यात सापडतं)
- डिस्ट्रिक्टच्या जीपीए नियमाची प्रत
- भारतातल्या मार्कशीट आणि त्यांना मिळालेल्या क्रेडिटांची नोंद
- एसएटी किंवा एसीटीचे गुण
- रेसिडेन्सीसाठी (टेक्सासचे रहिवासी असल्याच्या पुराव्यासाठी) आई-वडिलांचे कागद: व्हिसा, घराचा भाडेकरार किंवा मालकी, नोकरीचा पुरावा

कॉमन अ‍ॅपवर (बऱ्याच कॉलेजांना एकच अर्ज पाठवायच्या संकेतस्थळावर) रँक कशी कळवायची याचे पर्याय असतात: नेमका क्रमांक, दहाव्या हिश्शात, पाचव्या हिश्शात, चौथ्या हिश्शात, किंवा काहीच नाही. शाळा रँक देत नसेल तर 'काहीच नाही' निवडा आणि निश्चिंत राहा. स्कायवर्डवर (शाळेच्या ग्रेड दाखवणाऱ्या पोर्टलवर) दिसणाऱ्या जीपीएवरून स्वतः अंदाज बांधून आकडा भरू नका. काउन्सेलर त्यांच्या अहवालात वेगळं लिहितात आणि दोन्ही आकडे एकाच टेबलावर येतात. काही डिस्ट्रिक्ट फक्त पहिल्या १० टक्क्यांनाच रँक देतात. त्याखालच्या मुलांनीही रिकामी जागा रिकामीच ठेवावी.

रेसिडेन्सीचा भाग घाईत भरू नका. एच-४ वरची (एच-१बी व्हिसाधारकांची) मुलंही टेक्सासमध्ये इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांच्या कमी फीसाठी पात्र ठरू शकतात, पण ते कागदांवर सिद्ध करावं लागतं. २१ वर्षं पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो, तेव्हा कॉलेजच्या मधल्या वर्षांचा विचार वकिलाशी बोलून आधीच करून ठेवा.

८. ऑटो मिळाला, किंवा नाही मिळाला

मिळाला तर पेढे वाटण्याआधी हे बघा: ऑटो प्रवेश विद्यापीठाचा असतो, विषयाचा नाही. यूटीत कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, मॅककॉम्ब्समधलं बिझनेस यांसाठी वेगळी छाननी होते आणि ती चांगलीच कडक असते. पहिल्या दहा मुलांत असूनही हवा तो विषय न मिळालेली मुलं दरवर्षी असतात. म्हणून निबंध आणि रेझ्युमे ऑटोवाल्यांनीही जीव ओतूनच लिहावेत. ए अँड एममध्ये इंजिनिअरिंगला पहिलं वर्ष सामाईक असतं आणि शाखा त्यानंतर, त्या वर्षाच्या ग्रेडवर मिळते. तिथे हायस्कूलच्या रँकची पुण्याई पहिल्या दिवशीच संपते.

नाही मिळाला तर यूटीचं दार बंद होत नाही. सगळ्या बाजू बघून होणाऱ्या निवडीत अर्ज जातो. जागा कमी असतात, स्पर्धा चुरशीची असते, एवढं गृहीत धरा. दोन-तीन अशी सरकारी विद्यापीठं यादीत ठेवा जिथे १० टक्क्यांचा नियम लागू पडतो. त्यातही बसत नसाल, तर रँक आणि एसएटीच्या ठरावीक जोडीवर खात्रीने प्रवेश देणारी विद्यापीठं शोधा. ती माहिती त्यांच्या प्रवेशाच्या पानावर उघड दिलेली असते.

आणि मूल शाळेत थेट पहिलंच आलं, तर टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाची ट्यूशन माफ होते. त्यासाठीचं प्रमाणपत्र शाळेकडून मागून घ्या आणि विद्यापीठाच्या आर्थिक मदत विभागाकडे द्या. राहणं-जेवणं आणि पुढची तीन वर्षं आपल्याच खिशातून.